आमच्या घराखालची खाण

२००३ साली आम्ही पिट्सबर्गच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात घर घेतलं. क्लोजिंगच्या आधी कागदांचा जो गठ्ठा समोर येतो, त्यातला एक कागद मी दोनदा वाचला. या भागात घराखाली जुनी कोळसा खाण असू शकते, जमीन खचून घराला तडे गेले तर नेहमीच्या घरविम्यात भरपाई मिळत नाही, त्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्याचा वेगळा विमा आहे, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या रिअल्टर बाई हसून म्हणाल्या, "काळजी करू नका, इथे बहुतेकांच्या घराखाली खाण असते."

त्याच रात्री मी चंद्रपूरला फोन लावला. माझे बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समधून, मायनिंग सरदार म्हणून निवृत्त झालेले. माझं बालपण घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये गेलं. खाणीच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलेलं असायचं.

"बाबा, आमच्या नव्या घराखाली कोळशाची खाण आहे."

"किती खोल?"

"शंभर-सव्वाशे फूट असेल म्हणतात."

"खांब ठेवले का काढले?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीखालचा कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. वरची जमीन त्या खांबांवर उभी असते. पण खाण संपत आली की त्या खांबांतलाही कोळसा मालकाला दिसू लागतो. मग मागे सरकत सरकत खांबही काढतात. आपल्याकडे त्याला डिपिलरिंग म्हणतात. तसं करायचं तर मोकळ्या जागेत रेती भरायची पद्धत आहे. रेती भरली नाही तर छत खाली बसतं, आज नाही तर पन्नास वर्षांनी. "म्हणून विचारलं," बाबा म्हणाले. "खांब असले तर झोप निवांत. काढले असले तर विमा घे."

आम्ही विमा घेतला. ही योजना राज्याने १९६१ मध्ये सुरू केली. म्हणजे आपण इथे येण्याआधीपासून हा प्रश्न इथल्या लोकांच्या पायाखाली होता. आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबं अशाच घरांत राहतात. गणपती बसवतो, दिवाळीला अंगणात पणत्या लावतो, आणि खाली पोकळी असते. ती पोकळी कोणी केली, त्यातून काय निघालं, आणि ते काढणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे गेली वीस वर्षं मी जमेल तसं वाचत आले, बघत आले. या अंकासाठी ते एकत्र लिहिते आहे.

कोळशाची टेकडी

पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना माउंट वॉशिंग्टनवर नेतो. इनक्लाइनने वर जायचं, तीन नद्यांचा संगम बघायचा, फोटो काढायचे. या डोंगराचं जुनं नाव 'कोल हिल', कोळशाची टेकडी. १७६० च्या सुमारास, अमेरिका हा देश जन्माला येण्याआधी, इंग्रजांच्या फोर्ट पिटमधले सैनिक नदीपलीकडे जाऊन याच टेकडीच्या पोटातून कोळसा काढत होते. आपण ज्या इनक्लाइनमध्ये बसतो, ती १८७० ची. ती आणि तिच्या बहिणी या उतारावर आल्या, कारण खाली नदीकाठी गिरण्या होत्या आणि वर कामगारांची घरं.

या टेकडीतला थर 'पिट्सबर्ग सीम' म्हणून जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत आहे. जाडी साधारण सहा फूट, पसारा पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँड अशा चार राज्यांत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भाग विषुववृत्ताजवळ होता आणि इथे दलदलीची जंगलं होती. आमच्या चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरचा, गोंडवन भूखंडाच्या थंड प्रदेशातल्या झाडांचा. जळताना दोन्ही सारखेच दिसतात, पण पिट्सबर्गच्या कोळशाचा कोक उत्तम होतो. कोक म्हणजे कोळसा हवा न लागू देता भाजून केलेलं इंधन. लोखंड वितळवायला ते लागतं.

हाच गुण या भागाचं नशीब ठरला. पिट्सबर्गच्या आग्नेयेला कॉनेल्सव्हिलच्या परिसरात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्या बांधल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या सुमारे चाळीस हजारांवर गेली होती. त्यांतला मोठा वाटा हेन्री क्ले फ्रिकचा. त्याचा कोक अँड्र्यू कार्नेगीच्या पोलाद कारखान्यांत जाई, आणि त्या पोलादातून या देशाचे रूळ, पूल आणि उंच इमारती उभ्या राहत. आपल्या मुलांनी ज्या कार्नेगी लायब्ररीत पुस्तकं वाचली, कार्नेगी म्युझियममध्ये डायनासोर बघितले, जिथे काहींनी कार्नेगी मेलनमध्ये पदव्या घेतल्या, त्या सगळ्याच्या तळाशी हा कोळसा आहे.

१९१८ साली पेनसिल्व्हेनियात या जातीचा कोळसा सुमारे १७ कोटी ७० लाख टन निघाला. राज्याच्या पूर्वेला निघणारा अँथ्रासाइट, म्हणजे कठीण कोळसा, वेगळाच. तो १९१७ मध्ये दहा कोटी टनांवर गेला होता. त्याआधी किंवा नंतर इतका कोळसा या राज्यात कधीच निघाला नाही.

सेंट निकोलसचा सण

तो काढायला माणसं आली दुरून. आधी इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडहून, मग स्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी, क्रोएशिया, इटलीहून, आणि दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर. खाणीच्या तोंडाशी कंपनीने बांधलेल्या वस्तीला इथे 'पॅच' म्हणत. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, कित्येक ठिकाणी पगारही कंपनीच्या नाण्यांत, जी फक्त त्याच दुकानात चालत. पोलीससुद्धा कंपनीचे, राज्याच्या कायद्यानेच त्यांना ती मुभा होती. संप केला की नोकरीबरोबर घरही जाई. हे वाचताना मला आमची क्वार्टर आठवत राहिली. आमच्या रांगेत मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी अशी घरं होती. फरक इतकाच की आमच्या वेळेपर्यंत खाणी सरकारी झाल्या होत्या आणि युनियनचा फलक चौकात होता.

ग्रेट अलेघेनी पॅसेज या सायकलच्या वाटेवर आपल्यातले बरेच जण जातात. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत दीडशे मैलांची ही वाट. यॉक्योगेनी नदीकाठाने जाताना व्हॅन मीटर नावाच्या ठिकाणी एक निळी पाटी लागते. तिथे डार खाण होती. १९ डिसेंबर १९०७ रोजी तिच्यात स्फोट होऊन २३९ माणसं आणि मुलगे मेले. मुलगे म्हणजे खाणीत काम करणारी पोरं. मेलेल्यांत हंगेरीहून आलेले पुष्कळ होते. आकडा आणखी मोठा झाला असता, पण तो दिवस जुन्या पंचांगाप्रमाणे सेंट निकोलसच्या सणाचा होता. पूर्व युरोपातून आलेले बरेच मजूर पाळी बुडवून चर्चमध्ये गेले होते. सण पाळला म्हणून वाचले.

जवळच्या स्मिथटन गावच्या दफनभूमीत ७१ जणांची एकत्र कबर आहे. त्यांतल्या पुष्कळांची ओळखही पटली नाही.

डारच्या तेरा दिवस आधी वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा गावी असाच स्फोट झाला होता. त्यात अधिकृत आकड्याप्रमाणे ३६२ जण गेले. अमेरिकेच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा खाण अपघात. १९०७ या एका वर्षात देशभरातल्या कोळसा खाणींत ३,२०० हून अधिक कामगार मेले. त्यानंतर, १९१० मध्ये, सरकारने ब्युरो ऑफ माइन्स स्थापन केला. पिट्सबर्गजवळ ब्रूस्टन इथे मुद्दाम एक प्रायोगिक खाण खोदून त्यात स्फोट घडवले आणि कोळशाची नुसती धूळही पेट घेते हे दाखवून दिलं. पुढे जगभरच्या खाणींत चुनखडीची भुकटी मारून ती धूळ दाबायची पद्धत पडली. बाबांनीही आयुष्यभर तेच केलं, ते कुठून आलं हे माहीत नसताना.

१८७० पासूनच्या नोंदी धरल्या तर एकट्या पेनसिल्व्हेनियाच्या खाणींत ५१ हजारांहून अधिक माणसं अपघातात मेली. फुफ्फुसात कोळशाची धूळ साचून जे हळूहळू गेले, ते यात मोजलेले नाहीत. त्या आजाराला, 'ब्लॅक लंग'ला, भरपाई देणारा केंद्रीय कायदा यायला १९६९ साल उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण मेले होते. सुरक्षेचा प्रत्येक नियम कोणाच्या तरी जिवावर आलेला आहे, असं बाबा म्हणायचे. इथला इतिहास वाचून ते पटलं.

डोनोरा, १९४८

कोळशाची किंमत फक्त खाली उतरणाऱ्यांनीच दिली असं नाही. १९४० च्या दशकात पिट्सबर्गच्या रस्त्यावरचे दिवे भर दुपारी लावावे लागत. कचेरीत जाणारी माणसं दुपारी बदलायला दुसरा पांढरा शर्ट नेत. जुने फोटो बघा, सकाळचे अकरा आहेत की रात्रीचे, ओळखता येत नाही.

शहराच्या दक्षिणेला, मोनोंगाहेला नदीच्या वळणावर डोनोरा गाव आहे. तिथे पोलादाचा आणि जस्ताचा कारखाना होता. १९४८ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हवेचा वरचा थर उबदार आणि खालचा थंड अशी स्थिती झाली आणि दरीवर झाकण बसल्यासारखा धूर कोंडला. गावाने त्यातच हॅलोवीनची मिरवणूक काढली, कारण धूर नेहमीचाच होता. पाच दिवसांत वीस माणसं मेली, हजारो आजारी पडली. ३१ तारखेला पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. त्याच सुमारास भारतात दिवाळी होती, स्वातंत्र्यानंतरची दुसरी.

डोनोरामुळे अमेरिकेत पहिल्यांदा धुराकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून बघितलं गेलं, आणि पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा झाला त्याची मुळं तिथपर्यंत जातात. पिट्सबर्ग शहराने तर धूर रोखण्याचा नियम १९४१ मध्येच केला होता. युद्ध संपल्यावर तो अमलात आला. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या गेल्या, पाइपने नैसर्गिक वायू आला, रेल्वेची वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली. हवा सुधारली. आणि कोळशाची दोन मोठी गिऱ्हाइकं, घर आणि रेल्वे, काही वर्षांत हातची गेली.

ऊर्जेचं स्थित्यंतर आत्ता सुरू झालं असं आपण बोलतो. या भागाने ते याआधीही सोसलं आहे.

नोकऱ्या कुठे गेल्या

पर्यावरणाच्या नियमांनी कोळशाच्या नोकऱ्या घालवल्या, असं इथल्या निवडणुकीत दर वेळी ऐकू येतं. आकडे जरा वेगळं सांगतात. १९२३ मध्ये अमेरिकेत आठ लाख साठ हजारांच्या आसपास कोळसा कामगार होते. १९६९ पर्यंत ते दीड लाखाच्या आत आले. तेव्हा स्वच्छ हवेचा मोठा कायदा व्हायचा होता, सौरऊर्जा तर फक्त उपग्रहांवर होती. बहुतेक नोकऱ्या यंत्रांनी नेल्या. खोदणं आणि भरणं एका दमात करणारी यंत्रं दुसऱ्या महायुद्धानंतर आली. कामगार संघटनेचे नेते जॉन एल. लुइस यांनी ती स्वीकारली. त्यांचा हिशेब असा होता की थोडी माणसं राहिली तरी चालतील, पण जी राहतील त्यांना चांगला पगार, पेन्शन आणि दवाखाना मिळाला पाहिजे. निघणाऱ्या प्रत्येक टनामागे कल्याण निधीत पैसे जमू लागले आणि त्यातून अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांत खरोखर इस्पितळं उभी राहिली. ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी मात्र त्या हिशेबात जागा नव्हती. ते गाडी भरून डेट्रॉइट आणि क्लीव्हलँडकडे गेले.

मग पोलादाची पाळी आली. १९८० च्या दशकात मोनोंगाहेलाच्या काठचे कारखाने एकामागून एक बंद झाले. होमस्टेडचा कारखाना, जिथे १८९२ च्या संपात कामगार आणि पिंकर्टनचे भाडोत्री शिपाई यांच्यात लढाई होऊन दोन्हीकडची माणसं मेली होती, तो १९८६ मध्ये थंडावला. आज तिथे 'वॉटरफ्रंट' आहे. आपण तिथे खरेदीला जातो, सिनेमाला जातो. सिनेमागृहाजवळ विटांच्या बारा चिमण्या ओळीने उभ्या आहेत. माझी लेक लहान असताना विचारायची की यांचं घर कुठे गेलं.

आता आपल्याविषयी थोडं. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं आणि साठच्या दशकाअखेरीपासून मराठी माणसं पिट्सबर्गला येऊ लागली. इंजिनिअर वेस्टिंगहाउस आणि पोलाद कंपन्यांत, डॉक्टर इस्पितळांत, संशोधक विद्यापीठांत. सत्तरच्या दशकात पेन हिल्सच्या टेकडीवर वेंकटेश्वराचं मंदिर उभं राहिलं. ज्या वर्षांत आपले शिखर-कळस चढत होते, त्याच वर्षांत पाच-सात मैलांवर भट्ट्या विझत होत्या. पिट्सबर्गची लोकसंख्या १९५० मध्ये पावणेसात लाख होती, २०२० मध्ये तीन लाखांच्या थोडी वर. आपण आलो ते अर्ध्याहून अधिक माणसं निघून जात असलेल्या शहरात. आपल्याला चांगल्या शाळांजवळ परवडणारी घरं मिळाली, त्याचं एक कारण हेही होतं.

यात आपला दोष नाही. आपण कोणाची जागा हिसकावली नाही. शिक्षणाच्या आणि आरोग्याच्या क्षेत्रांत नवं काम उभं राहिलं आणि ते आपण केलं. पण "पिट्सबर्ग सावरलं" असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तेव्हा कोण सावरलं हे विचारायला हवं. शहरातला ओकलंड सावरला. डोनोरा, क्लेर्टन, ब्रॅडक यांच्या मुख्य रस्त्यावरून एकदा गाडी चालवून बघा.

बाबांची भेट

बाबा २०११ मध्ये आले. नायगारा, न्यूयॉर्क झालं. मग त्यांना म्हटलं, चला, तुमच्या ओळखीचं काही दाखवते. टॅरेंटमला जुनी खाण लोकांना बघायला खुली ठेवली आहे. छोट्या गाडीत बसून डोंगराच्या आत जायचं. वाटाड्या म्हणून एक म्हातारा खाणकामगार होता. बाबांचं इंग्रजी मोडकं, त्याचं इंग्रजी मलाही नीट समजेना.

आत गेल्यावर बाबांनी मान वर करून छत बघितलं आणि हाताने ठोकल्याची खूण केली. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्याने दांडा घेऊन छतावर ठोकला आणि कान लावला. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे, पोकळ आला तर पळा. घुग्घुसला बाबा पाळी सुरू होताना रोज हेच करत. दोघं मग एकमेकांना कायकाय दाखवत राहिले, टेकू कसा लावायचा, दिव्याची ज्योत वायूत कशी निळी होते. बाकीची मंडळी कंटाळली. निघताना त्या म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, बराच वेळ. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्याकडचाच खोकला."

बाबांना मी क्वीक्रीकची गोष्टही सांगितली. जुलै २००२ मध्ये, आम्ही इथे येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सॉमरसेट काउंटीतल्या या खाणीत नऊ कामगार पाण्यात अडकले. शेजारी जुनी, बंद पडलेली, पाण्याने भरलेली खाण होती. तिचा शेवटचा नकाशा कामगारांपाशी नव्हता. हातातल्या नकाशावर ती दूर दिसत होती. भिंत फुटली. २४० फूट खोलीवर भोक पाडून गरम हवा सोडली, पाणी उपसलं, आणि चौथ्या दिवशी नऊही जण जिवंत वर आले. सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. बाबा ऐकून म्हणाले, "चासनाला." डिसेंबर १९७५ मध्ये धनबादजवळ चासनाला खाणीतही असंच वरच्या जुन्या खाणीचं पाणी घुसलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. 'काला पत्थर' सिनेमा त्यावरच बेतलेला. तिथून कोणी वर आलं नाही.

बंद झालेली खाण संपलेली नसते, हे मला त्या दिवशी कळलं. तिचं पाणी राहतं, पोकळी राहते. इथल्या हजारो मैलांच्या ओढ्यांत अजूनही जुन्या खाणींचं आम्लयुक्त पाणी उतरतं आणि तळाचे दगड नारिंगी होतात. सेंट्रेलिया गावाखाली १९६२ मध्ये लागलेली आग अजून जळते आहे. १९७७ च्या कायद्याने चालू खाणींवर टनामागे कर बसवला आणि त्यातून जुन्या जखमा भरायचं काम सुरू झालं. २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी आणखी ११.३ अब्ज डॉलर पंधरा वर्षांत द्यायचं ठरवलं. चुनखडीची तळी करून पाणी शुद्ध करणं, उघडे खड्डे बुजवणं, उतारावर झाडं लावणं, ही कामं स्थानिक माणसांच्या हाताला मिळतात. मासे परतलेले ओढे मी बघितले आहेत.

होमर सिटीच्या चिमण्या

पिट्सबर्गच्या पूर्वेला पन्नासेक मैलांवर होमर सिटी आहे. तिथलं कोळशाचं वीज केंद्र १९६९ पासून चाललं. क्षमता १,८८४ मेगावॉट, सर्वांत उंच चिमणी १,२०० फुटांहून अधिक. १ जुलै २०२३ रोजी ते कायमचं बंद झालं. मारलं कोणी? मुख्यतः शेजारच्याच वायूने. २००४ मध्ये वॉशिंग्टन काउंटीत मार्सेलस शेलच्या खडकातून वायू काढण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेनसिल्व्हेनिया वायू उत्पादनात टेक्सासखालोखाल आलं. स्वस्त वायूपुढे जुनी कोळशाची केंद्रं टिकेनात. २००७ मध्ये अमेरिकेची जवळजवळ अर्धी वीज कोळशावर होत असे. २०२३ मध्ये ती सुमारे १६ टक्क्यांवर आली.

२२ मार्च २०२५ ला होमर सिटीच्या चिमण्या सुरुंग लावून पाडल्या. लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसले होते. आणि पंधरा दिवसांच्या आत घोषणा झाली की तिथे साडेचार हजार मेगावॉटच्या घरात क्षमतेचं वायूवर चालणारं वीज केंद्र होईल आणि त्याच्या जोडीला डेटा सेंटर.

माझी लेक आता सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिला ही बातमी पाठवली. तिने लिहिलं, "आई, म्हणजे ते आता आमच्यासाठी जळणार." मी काही उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं. आधी कोळसा फ्रिकसाठी जळला, मग न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या दिव्यांसाठी, आता आपल्या मुलांच्या संगणकांसाठी. दिवा दूर लागतो आणि राख इथे पडते. गावाला कर मिळेल, बांधकाम चालू असेतो काम मिळेल. बांधून झाल्यावर किती माणसं लागतील, हवेचं काय होईल, वीस वर्षांनी हेही बंद पडलं तर काय, हे प्रश्न तिथले लोक विचारत आहेत. धोरणांचा तर भरवसाच नाही. कोळशाच्या गावांत स्वच्छ ऊर्जेचे प्रकल्प यावेत म्हणून २०२२ च्या कायद्याने जादा सवलत दिली. २०२५ च्या कायद्याने सौर आणि पवन ऊर्जेच्या सवलती आखडल्या.

हे वेगळं करता येतं, याचंही उदाहरण आहे. जर्मनीच्या रूर भागात शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. ती तारीख सरकार, कंपनी आणि कामगार संघटना यांनी २००७ मध्येच बसून ठरवली होती, म्हणजे माणसांना अकरा वर्षं मिळाली. इथे खाण कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली की निवृत्त कामगारांची पेन्शन आणि औषधपाणी टांगणीला लागे. ती पेन्शन वाचवण्यासाठी पांढऱ्या केसांचे खाणकामगार वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या वाऱ्या करत राहिले, तेव्हा कुठे डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला.

वरोरा आणि इकडे

हे सगळं मी लिहिते आहे त्यामागे माझा स्वार्थ आहे. माझं माहेर त्याच वाटेवर मागून येत आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. त्याचे सर्वांत जुने दोन संच बंद झाले आहेत. भारताचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांवर गेलं, म्हणजे तिथे अजून चढण चालू आहे. पण २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं आहे. उतार आज ना उद्या येणार. तेव्हा घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेड यांचं डोनोरा होणार की आणखी काही?

चंद्रपूर जिल्ह्यात एक खाण फार पूर्वी बंद झालेली आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला खाण काढली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती बंद पडली. आज वरोरा म्हटलं की कोणाला कोळसा आठवत नाही, आनंदवन आठवतं. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांना घेऊन तिथल्या खडकाळ जमिनीवर ते वसवलं. ज्यांना गावाने टाकून दिलं होतं, त्यांनी गाव उभं केलं. कोळसा संपला म्हणून गाव संपत नाही. पण ते आपोआप होत नाही. कोणीतरी तिथे राहावं लागतं.

गेल्या दिवाळीत व्हिडिओवर बाबांशी बोलत होते. वय झालंय, ऐकू कमी येतं. मागे अंगणात आकाशकंदील दिसत होता. होमर सिटीच्या चिमण्या पडल्याचं त्यांना सांगितलं, तिथे आता काय येणार तेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि वीस वर्षांपूर्वी विचारला होता तोच प्रश्न विचारला, "खांब ठेवले का काढले?"

या वेळी मला समजलं ते कशाबद्दल विचारत आहेत. शाळा, दवाखाना, पेन्शन, प्यायचं पाणी, दुसरं काही शिकायची सोय. कोळसा काढून घेताना यातलं काय मागे ठेवलं, यावर गाव उभं राहतं किंवा खचतं. आपल्या अनेक मुलांना आता इथे मत आहे, काही जण वीज कंपन्यांत आहेत, काही डेटा सेंटरवाल्यांकडे, काही सरकारी खात्यांत. होमर सिटीबद्दलच्या बैठकीत किंवा आपल्या टाउनशिपच्या सभेत बसायची वेळ आली, तर हाच प्रश्न त्यांनी विचारावा, एवढंच म्हणायचं आहे.

आम्ही विम्याचा हप्ता अजून भरतो. घराला आजवर तडा गेलेला नाही. म्हणजे आमच्या खाली कोणीतरी खांब ठेवले असावेत. या लक्ष्मीपूजनाला एक पणती बेसमेंटच्या पायरीवर लावणार आहे, त्यांच्यासाठी.